तुम्हाला कुणी पाठवलं?

बेल वाजवली की काका दार उघडण्याआधी आतून विचारायचे, "तुम्हाला कुणी पाठवलं?" मी समोरच्याच दारातला. वर्गणी असो की चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं लाइटबिल, प्रश्न तोच. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं दार असेल.

अंबरनाथ एमआयडीसीतली त्यांची केमिकल कंपनी बंद पडली, तेव्हा विठ्ठलवाडीची चाळीतली खोली विकून ते काकूंना घेऊन बदलापुरात, मांजर्लीला आले. मुलगी लग्न होऊन नाशिकला.

बुद्धपौर्णिमेला माझी बायको खीर घेऊन गेली. काकांनी वाटी दारातूनच परत केली. "नको. आम्ही बाहेरचं खात नाही."

अशा परत आलेल्या वाटीचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढे काकू जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "भाऊ, राग धरू नका. ते माझ्या हातचंसुद्धा खात नाहीत. भाकरीचा पहिला तुकडा मला खायला लावतात. म्हणतात, सगळी बिल्डिंग आपल्यावर टपलीय."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"लोक वेडा म्हणतील. चाळीत शेजारणीला तरी सांगितलं असतं. इथं कुणाला सांगू?"

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं. खालची बिऱ्हाडं वर आली, सगळी दारं सताड उघडी राहिली. काका आपणहून बाहेर आले. आमच्या गॅसवर मोठं पातेलं चढवून खिचडी केली, सगळ्यांना वाढली आणि त्यांच्यातच मांडी घालून जेवले. पाणी होतं तोवर त्यांना गाढ झोप लागली, असं काकू म्हणाल्या.

पाणी ओसरलं, माणसं खाली गेली, दारं लागली. आठवड्याभरात काकांच्या दाराला आतून दुसरी कडी बसली.

मग मात्र काकूंनी ऐकलं. आम्ही काकांना उल्हासनगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. बिल्डिंगमध्ये सांगितलं, शुगर तपासायला. गोळ्यांनी ते थोडं जेवू लागले, झोपू लागले. यांना एकटं पाडू नका, असं डॉक्टर म्हणाले. मुलीने दोघांना नाशिकला बोलावून घेतलं.

टेम्पो भरून झाला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "जपून राहा. वरच्या मजल्यावरचे लोक चांगले नाहीत. तुम्ही आपले म्हणून सांगतो."

वरचे दोन्ही फ्लॅट अजून विकलेच गेले नव्हते. तिथे कुणीच राहत नव्हतं.

"लक्ष ठेवतो, काका," मी म्हटलं.