मंदाचं 'भरीत' आणि माझा 'ओटा'

मंदा काल गेली, आणि मी तिच्यावर अजून जळते.

खोटं कशाला बोलू? तिच्या फोटोखाली सगळे "किती गोड माणूस" असं लिहितायत. मला विचाराल तर मंदा एक नंबरची लबाड होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची जळगावच्या कॉलेजातली बॅच पुणे, सुरत, अमेरिका अशी पांगलेली. मी माझ्या गावी, धुळ्याला परतले होते. घरात फोन अडवून ठेवते म्हणून बोलणी खात मी आमच्यासाठी इंटरनेटवर एक फोरम काढला. एकेकाचा ईमेल शोधून काढून मेंबर केलं.

नाव ठरवलं 'ओटा'. संध्याकाळी गल्लीतल्या बाया गप्पा मारत बसतात, तो.

मंदा माझी हॉस्टेलची रूममेट. ती जळगावातच राहिलेली. म्हणाली, "ओटा काय? 'भरीत' ठेव."

फोरमचं नाव भरीत!

"मग पोल घेऊ," ती म्हणाली. तिच्या घराखालीच सायबर कॅफे होता, म्हणून पोल टाकायचं काम मी तिच्यावरच सोपवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

प्रश्न असा आला:

"आपल्या फोरमला 'भरीत' हे तोंडाला पाणी सुटेल असं नाव द्यायचं, की 'ओटा' नावाचा दगड?"

पर्याय :
भरीत!!!
अर्थातच भरीत
ओटा (नीट विचार केलाय ना?)

एवढ्यावर थांबेल ती मंदा कसली! मतदानाच्या रविवारी जळगावातल्या सगळ्या मेंबरांना तिने वडिलांच्या मळ्यात बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. भरीत-पुरी पोटभर खाऊ घातली आणि हात धुतल्या धुतल्या सगळ्यांना थेट कॅफेत नेऊन बसवलं. अर्थातच 'भरीत' जिंकलं.

मी लगेच एसटीडी लावला. "मंदे, हाऊ काय प्रश्न शे का?"

"एवढी कशाले चिडू राह्यली? तूच लिही ना नवा प्रश्न. परत घेऊ."

मी लिहिला. एकदम सरळ. "फोरमचं नाव काय असावं? ओटा की भरीत?" ना उद्गारचिन्ह, ना कौतुक.

त्या आठवड्यात मंदा बहिणीच्या बाळंतपणासाठी शिंदखेड्याला होती. तिने कुणाला फोन केला नाही, कुणाला जेवू घातलं नाही, कॅफेचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

'भरीत' आधीपेक्षा जास्त मतांनी जिंकलं.

लबाडीने हरले असते तर जन्मभर भांडले असते हो. पण आता भांडणार कुणाशी? फोरम मी काढलेला, मेंबर मी गोळा केलेले. तरी जो येई तो आधी विचारायचा, "मंदा कुठाय?"

माझी कुणी कधी चौकशी केली नाही. लागायचं मनाला. अजून लागतं.

आज सकाळी जळगावला पोचले. अंगणात जुनी बॅच उभी होती. पुण्याहून आलेला एक जण रडत म्हणाला, मंदासारखी जवळची मैत्रीण मला दुसरी नाही. सुरतवाली म्हणाली, मंदा सगळं फक्त मलाच सांगायची. मंदाचे मिस्टर बिचारे सगळ्यांनाच हो हो म्हणत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं मंदावर जळले, आज पहिल्यांदा बाकी सगळ्यांवर जळले.

हॉस्टेलात मला ताप भरला तेव्हा कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या? मुलगा पसंत आहे हे आईच्याही आधी तिने कुणाला सांगितलं? मागच्या महिन्यात दवाखान्यातून, धाप लागत असताना, "ये ना वं, करमत नाही" असा फोन कुणाला केला?

म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

मंदाची सगळ्यात जवळची मैत्रीण मी होते.

यावर पोल होणार नाही.

मंदे, तुला माझी रडकी, भांडकुदळ श्रद्धांजली. जा गं, सुखाने जा.