लिफ्टचा धडा

कडावजवळच्या ठाकूरवाडीच्या शाळेत अक्षदाबाई गणित शिकवत. कुणालाही मोफत वापरता येणारे व्हिडिओ त्या शोधत आणि दाखवण्याआधी घरी पूर्ण बघत. ऋण संख्यांचे तीन मिळाले. एकात उत्तरच चुकलं होतं. दुसऱ्यातली भाषा मुलांच्या डोक्यावरून गेली असती. तिसरा बरा होता, पण सगळा लिफ्टवर. वाडीत लिफ्ट कुठली? पण आणखी शोधायचं त्राण नव्हतं. त्यांनी तोच दाखवला.

मुलं खिडकीबाहेर बघू लागली. बाई मोबाइल बंद करणार, तेवढ्यात ठकी म्हणाली, "बाई, माझी आई नेरळला बिल्डिंगच्या कामाला जाते. लिफ्टचा खड्डा जमिनीच्या खाली असतो. तो ऋण हाय ना?"

"हो गं," म्हणत बाई खुर्चीत टेकल्या. पुढचं मुलांना ठकीनंच समजावलं.