बद्रीनाथ मिसाळची भावकी

भोकरदनच्या बसस्टँडसमोर बद्रीनाथ मिसाळचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार त्याने एकदा हाती घेतली की पाच वर्षं तरी दुरुस्तीला परत येत नाही. अशा माणसाला अभिमान कशाचा असावा? कसबाचा? छे, आडनावाचा! बाप लहानपणीच गेलेला, चुलता नाही, मामा नाही. म्हणून पेपरात कुठलाही मिसाळ छापून आला की कात्रण भिंतीवर. नागपूरचे जज, मैदान मारलेला पैलवान, रेडिओवर गाणाऱ्या बाई, पुण्याचे हृदयाचे डॉक्टर. गिऱ्हाईक टेकलं की हा सुरू, "हे समदे आपल्या भावकीतले. डॉक्टर तर बराबर दिवाळीला पत्र धाडतो. काका म्हनतो मला."

लोक हसायचे आणि वर चहाही पाजायचे. असल्या थापांनी कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते त्याच्याच पोरीचं. कावेरी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागली आणि सोबतच्या सोमेश्वरवर तिचं मन बसलं. पोरगा जाफराबादचा, गुणी, निर्व्यसनी. आडनाव मिसाळ.

आता आडनाव एक असलं तरी देवक वेगळं असेल तर सोयरीक जमते. यांचं देवक कळंब, त्यांचं वड. पण दहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत बद्रीनाथने सोमेश्वरच्या आजीला, तुळजाबाईंना, घसा कोरडा करून पटवलं होतं की देवकं मागाहून बदलली, मिसाळ तेवढे एका रक्ताचे. म्हातारीने ते पक्कं ध्यानात ठेवलेलं. "भावा-बहिनीचं लगीन लावता का?" असा निरोप आला. कावेरी दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी बायको बेबीनंदा आणि कावेरीला घेऊन बद्रीनाथने जाफराबादची एसटी धरली.

"मावशी, म्या थापा मारल्या," त्याने बसल्या बसल्या सांगून टाकलं. "जज आमचे कोनी न्हाईत. पैलवान न्हाई, गानारी बाई न्हाई. तुमचं-आमचं रक्तबी येक न्हाई."

"आन् डॉक्टर? त्याचं तर पत्र येतं म्हनत व्हता."

बद्रीनाथने मान खाली घातली. हे बेबीनंदालाही ठाऊक नव्हतं. "म्याच लिवल्तं, मावशी. तीनदा. माय गेल्ती तव्हाबी लिवलं. त्याचं येकबी आलं न्हाई."

पोरीकडे बघायची त्याची छाती होईना. जन्मात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"मंग तुमच्या भावकीत हाये तरी कोन?"

"आमी तिघंच."

 तुळजाबाईंनी आत वळून चहा टाकायला सांगितला.

"जज-डॉक्टर आमच्यातबी न्हाईत, बाबा. पन मानसं लई हायेत. लग्नात तुमची बाजू मोकळी दिसली तर बरं दिसंल का? आमची निम्मी तुमच्याकडं बसवू."