समेवरची चपराक

गाण्यांना चाली कशा सुचतात, असं लोक विचारतात. ऐकायला शिका, मग सुचतील, असं मी सांगतो. मी स्वतः ते कसं शिकलो, हे मात्र सांगत नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा कान फोडून शिकलो.

निजाम जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी पंचविशीचा, गळा तयार आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. नवरात्रात तुळजापुरी एका पुजाऱ्याच्या ओसरीवर दुपारी माझं गाणं होतं. तबल्यावर येडशीचे चाचा होते, माझ्या वडिलांहून मोठे. समोर माझे गुरुजी. तान घेऊन समेवर आलो तर ठेका ओढल्यासारखा वाटला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. माझं डोकंच फिरलं. भरल्या बैठकीत मी चाचांच्या डाव्या कानाखाली असा जाळ काढला, की ते डग्ग्यावर आडवे झाले. टोपी पायरीपर्यंत घरंगळत गेली. कानातून रक्त आलं, तरी मी ओरडतच होतो, "ताल राखता येत न्हाय तर बसता कशाला?"

गुरुजींनी उठून माझी मानगूट धरली आणि मला खांबावर आदळलं.

"गाढवा, मात्राभर उशिरा आलास तू! लोकांत तुझी शोभा होऊ नये म्हणून त्यांनी ठेका ताणून धरला. झाकलं तुला!"

चुकलेल्या गवयाला सांभाळून घेणं हा तबलजीचा धर्म. मला तो ठाऊक होता. पण मी फक्त स्वतःला ऐकत होतो. आजही माझ्या त्या हाताची मला किळस येते.

दोन महिने तोंड लपवून काढले. मग येडशीला गेलो. चाचा दारात तबला मांडीशी घेऊन हातोडीनं ठोकत होते. सूर काही लागत नव्हता.

"उजवीकडून बोल, बेटा," ते म्हणाले. "डाव्या कानात तुझी चपराक अजून वाजतीया. तिच्या आवाजात तबल्याचा सूर गावत न्हाय."

मी त्यांच्या पायांवर पडून रडलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि हातोडी माझ्या मुठीत कोंबली.

"रडून काय व्हणार? ठोक. हात माझा, कान तुझा. आता जल्मभर."

मी घाव घातला. त्यांनी थाप मारली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. चाळीस वर्षं तबला लावत आलेला माणूस मला विचारत होता, "आला का रं सुरात?"