ट्रॉलीवरचं बटण

गोंदियातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात जळक्या वायरचा वास आला आणि अर्जुनी मोरगावची ती संध्याकाळ आठवली. ट्रॉलीवरचा दिवा ट्रॅक्टरवरून आणि ट्रॉलीवरूनही लागावा, म्हणून मी दोन बटणं बसवली होती. ट्रॅक्टरचे मालक काकाजींनी ट्रॉलीवरच्या बटणाची वायर कापली, ट्रॅक्टरवरचं बटण बंद केलं आणि ओसरीत जाऊन बसले. अंधारात धानाची पोती उतरवताना मजुरीला आलेल्या सरजाबाईंना विंचू चावला.

"दिवा काऊन बंद केला?" मी ओरडलो.

"बाया लावूनच ठेवतेत. बॅटरी उतरते ना!" तंबाखूचा खर्रा चघळत काकाजी म्हणाले.

बाई कळवळत होत्या आणि ते निवांत थुंकले. मीच बाईंना दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या.

तेव्हा तो कंजूषपणा वाटला होता. आता वाटतं, लख्ख उजेडातही काकाजींना ती बाई दिसली नसती.