सुकुमारची ओली पट्टी

निपाणीपासनं बेळगावापर्यंत सुकुमारला माझ्याएवढं जवळनं वळखणारा दुसरा माणूस न्हाय. त्यो गेल्याचं मला चहाच्या गाड्यावर कळ्ळं, सगळ्या गावाच्या मागनं… कप हातात तसाच ऱ्हायला. आणि पहिला इचार काय आला सांगू? आता तरी आप्पा माझ्याकडं बघतील.

आप्पा म्हंजे माझे वडील. लकव्यात त्येंचा उजवा हात गेलता. सुकुमार आमच्या शेजारचा, माझ्याच बरोबरीचा. मी चौथीत शाळा सोडली, तिनं मला त्येच्या आधीच सोडलतं. त्यो शिकत शिकत बेळगावच्या कालेजात मास्तर झाला. शनवारी गावाकडं आला की आमच्या रानातली तंबाकूची धाटं मागायचा. धाटाला ताठ उभं धरणारा जो चिवट माल असतोय त्येला लिग्निन म्हणत्यात, त्यो काढून जेली करायची, आणि त्या जेलीतनं करंट जातोय, असं सांगायचा. आमी ह्येच्यावर अंघोळीचं पाणी तापवतोय, म्हटलं मी. सगळी हसली. मग त्येनं निवडून, चिठ्ठी लावून ठेवलेली पेंढी मी खरंच बंबात घातली… पाणी झकास तापलं. सुकुमार दुसरी पेंढी बांधाय बसला. आप्पांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं.

जेलीची पट्टी गुळाच्या वडीसारखी तपकिरी, हाताला गार. छातीला लावली तर ठोकं दाखवती, बोटाला लावली तर बोट किती वाकलं त्ये. आप्पांच्या बोटावर त्येनं ती चिकटवली, दोन वायरी मोबाईलला खबर धाडणाऱ्या बारक्या डबीला जोडल्या. बोट जरा हाललं की मोबाईलवरची रेघ उडी मारायची. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम आप्पा माझ्याकडनं कदी करून घेत न्हवतं. त्येंना हसवाय मी नकला करायचो, त्ये भितीकडं तोंड फिरवायचं. पर शनवार आला की सकाळीच माझ्याकडनं दाढी करून घ्यायचं, सुकुमार येणार म्हणून. माझ्या लग्नातबी एवढी गुळगुळीत केली न्हवती. लई जळायचो मी… एकदा हट्टानं पट्टी माझ्या गळ्याला लावून घेतली. बोलाय लागलो तशी रेघ थांबंचना.

"तुझी थांबली की सांग रं," सुकुमार म्हणाला, "मग आप्पांची बघू."

आप्पा इतकं हसलं की ठसका लागला. माझ्या कुठल्या नकलेला त्ये तसं हसलं न्हवतं.

सुकुमार गेल्यापास्नं आप्पांनी हात मांडीवर ठेवला त्यो ठेवलाच. डॉक्टर म्हणाला, असंच ऱ्हायलं तर हालाय लागलेलं बोटबी आकडंल. परवाच्या शनवारी मी फडताळातला सुकुमारचा पट्टी ठेवायचा स्टीलचा डबा काढला. पट्टी बोटाला लावली, डबी जोडली, मोबाईल धरला. माझ्या मोबाईलातबी त्येनं सगळं घालून दिलतं. आप्पांचं बोट थरथरलं, जरा वाकलं. रेघ मेल्यावानी आडवी. आता हात परत मांडीवर जाईल म्हणून मी घाबरलो, आणि मीच रेघ झालो. बोट हाललं की भिवया वर. आणि हाललं की टाचा वर. मग तर उड्याच मारल्या. आप्पा बघत बसलं… मला वाटलं, आता हसतील. आता माझी पाळी.

"नाचू नगंस," आप्पा म्हणालं. "पट्टी वाळलीया. सुकुमार आधी पाणी लावायचा."