आईनं पुस्तकांबरोबर माझ्या गोळ्याही वाटल्या

शनिवारी दुपारी मी आमच्या सातपूरच्या घरातलं कपाट पालथं घालत होते. माझ्या गोळ्यांची उरलेली स्ट्रिप सापडत नव्हती. मला ती घ्यायची नव्हती हो... डॉक्टरांकडे परत नेऊन द्यायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकतच नाही. हे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळलं, तोपर्यंत घरात 'धांदरट' एवढंच निदान होतं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्या काळात डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज घेतली आणि तिचा उपयोगही झाला, खोटं कशाला बोलू? पण भूक मेली, वजन उतरलं, संध्याकाळ झाली की उगाच रडू यायचं. शेवटी डॉक्टरांशी बोलून, त्यांच्याच सांगण्यानुसार डोस कमी कमी करत, एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत ती बंद केली.

सोपं नव्हतं. सुरुवातीला नुसती झोप... जेवून उठले की पुन्हा भूक. एक पान वाचायला घ्यायचं आणि पंख्याकडे बघत बसायचं.

पण त्याहून जास्त वैताग आणला तो लोकांनी. सुरू केली तेव्हा "वेड्यांच्या गोळ्या कशाला खातेस?" म्हणणारे तेच लोक आता "बंद कशाला केल्यास?" म्हणतात! घोटीची मावशी फोनवर म्हणाली, "अगं, चांगली लायनीवर आली होतीस की!" कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तर परीक्षेपुरत्या उसन्या मागितल्या. जशी काही वाटीभर साखरच...

आणि आई. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न. "आता नापास झालीस म्हणजे?"

हा मात्र आत लागायचा. कारण तो माझाही प्रश्न होता. ती पदवी मी मिळवली, की गोळीनं? गोळीशिवाय मी पुन्हा तीच धांदरट मुलगी असले तर?

तर शनिवारी शोधून थकले आणि आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ती दिली ना शोभाकाकूंना. पुस्तकांबरोबर."

आमच्या गल्लीत तशी पद्धतच आहे. शिकून पुढे गेलेल्याची गाइडं, कंपास, प्रॅक्टिकलचा ॲप्रन... सगळं मागून येणाऱ्या पोरांना जातं. शोभाकाकूंची सायली यंदा बारावीला. आईनं माझ्या बारावीच्या गाइडांचा गठ्ठा बांधला, त्याला हळदकुंकू लावलं आणि वर ती स्ट्रिप ठेवून दिली.

"आई! ते औषध आहे!"

"मग? तुला गुण आला, तिला येईल. तू तर टाकूनच देणार होतीस. चांगली वस्तू वाया का घालवायची?"

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. समोरच्या घरात शिरले तर काकू एकदम खूश. "ये ये! आज सकाळीच एक दिली बघ. नाश्ता नको म्हणाली, पण जागची हलली नाही पोरगी!"

सायली आत टेबलाशी बसली होती. सगळी पेनं रंगांप्रमाणे लावलेली. वहीत एकाच धड्याचं शीर्षक पुन्हा पुन्हा कोरून कोरून लिहिलेलं, धडा मात्र कोराच. हात गार, ओठ कोरडे. हळूच म्हणाली, "ताई, छातीत लय धडधडतंय... आईला नको सांगू."

डॉक्टरांना फोन केला. "ताबडतोब घेऊन या," एवढंच म्हणाले, पण आवाज चढलेला होता. आईलाही हाक मारली आणि एका रिक्षात आम्ही चौघी कोंबून त्यांच्या कॉलेज रोडच्या दवाखान्यात पोचलो. बीपी, ईसीजी सगळं झालं आणि धडधड उतरेपर्यंत त्यांनी तिला तिथंच बसवून ठेवलं. दुसऱ्याच्या नावाची गोळी खाऊ घालणं म्हणजे काय, हे आई आणि काकूंनी खाली मान घालून ऐकलं. स्ट्रिप तिथंच जमा केली.

परत येताना जरा माणसात आलेली सायली म्हणाली, "पण ताई, तू तर गोळीमुळंच पास झालीस ना?"

"तेच तर! अख्खी गल्ली तेच म्हणते," काकू.

माझे डोळे भरून आले. दुसऱ्याची पोरगी सांभाळायला निघालेली मी, आणि मलाच उत्तर माहीत नव्हतं...

तेवढ्यात आई काकूंवरच उखडली. "गल्लीला काय कळतंय? मी पण खाल्ली होती एकदा."

"काय?!" आम्ही तिघी एकदम.

"ही पेपरला गेली होती. म्हटलं, बघू तरी काय असतं यात. माळा आवरला, सगळे डबे घासले, शेजारणीचे पण मागून आणून घासले. जेवायचं ध्यान नाय. मला कुठं कोणी बीएस्सी दिली? अभ्यास हिनं केलाय ओ. मी बघितलाय."

रिक्षावाला मागे वळून हसला. आईवर ओरडावं की तिला मिठी मारावी, मला कळेना. आधी ओरडले, चांगली दहा मिनिटं... मग तिच्या खांद्यावर डोकं टेकलं ते घर येईपर्यंत उचललं नाही.

पुढं गोळी पुन्हा लागलीच तर डॉक्टरांना विचारून घेईन, त्यात लाज कसली? पण पास कोण झालं, हे ज्यांना अजूनही विचारायचंय त्यांनी आता माझ्याकडे येऊ नये. थेट आईला गाठावं. तिनं स्वतः प्रयोग करून बघितलाय!